कानामागचे ठिपके

सोमवार, ४

पोचलो बाई एकदाच्या! ट्रंक, गादीची वळकटी, टिल्लीचं दप्तर आणि खुद्द टिल्ली, सगळं शाबूत. खोली वरच्या मजल्यावर आहे, जिन्याच्या तोंडाशीच. खिडकीतून मागचं अंगण दिसतं आणि अंगणात सशांचा मोठा पिंजरा. लेकीने चपलासुद्धा काढल्या नाहीत, थेट तिकडे पळाली. सात वर्षांची घोडी, पण ससे पाहिल्यावर तीन वर्षांची झाली.

घराच्या मालकीण सिस्टरबाई. बाळंतिणींच्या वॉर्डात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भाचा त्यांना ऑपरेशनसाठी आपल्या गावी नेणार आहे, दहाएक दिवस. तोवर ससे माझ्या हवाली. नीट सांभाळलेस तर पुढेही इथेच राहा, असं त्या आपणहून म्हणाल्या. लाँड्री बंद पडल्यापासून असं काहीतरी ऐकायला माझे कान आसुसले होते.

लाँड्रीत बारा वर्षं माझं एकच काम, कपड्यांवर खुणा घालायचं. एकसारख्या पांढऱ्या चादरी शेकड्यांनी यायच्या, पण एकाची चादर दुसऱ्याच्या गाठोड्यात कधी गेली नाही. ती धुऊनही न जाणारी शाई अजून माझ्या ट्रंकेत आहे. इथे तर पाचच ससे. त्यात काय मोठंसं!

मंगळवार, ५

मोठंसं आहे. पाचही पांढरेफटक, डोळे लाल, अंगाने सारखे. नावं कापूस, खडू, मीठ, साबण आणि पीठ. म्हणजे नावावरूनही काही कळायची सोय नाही!

सिस्टरबाईंना अर्धवट दिसतं, तरी त्या प्रत्येकाला अचूक ओळखतात. संध्याकाळी पिंजरा लावायच्या आधी एकेकाला मांडीवर घ्यायचं, तोंडाकडे नीट बघायचं, नाव घ्यायचं आणि आत सोडायचं. नाव चुकलं तरी चालेल, पण न बघता आत टाकू नकोस, असं त्यांनी तीनदा बजावलं. टिल्ली दुपारपर्यंत पाचही ओळखायला लागली. कापूस म्हणे लाजरा दिसतो आणि खडू सारखा रुसलेला. मला पाचही रुसलेलेच दिसले.

मी म्हटलं, एक साधी खूण घालून टाकू की. त्यावर सिस्टरबाईंचा चेहराच उतरला. वॉर्डात एकदा आंघोळीच्या वेळी दोन मुलींच्या मनगटावरच्या पट्ट्या निसटल्या होत्या. बाईंनी अंदाजाने परत बांधल्या. दोन्ही आयांनी पट्टीवरचा आकडा वाचला, हसल्या आणि बाळं घेऊन घरी गेल्या. तोंड एकीनेही निरखलं नाही. तेव्हापासून मला खुणांचा भरवसा वाटत नाही, म्हणाल्या.

सशांच्या गळ्यातही त्यांनी एकदा फिती बांधल्या होत्या. कापल्या पाच आणि आठवड्याने निघाल्या सहा. मग पुढे काय झालं, असं मी विचारलं, तर गवत आणायला उशीर होतोय म्हणाल्या आणि उठल्या. म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात.

बुधवार, ६

सकाळी भाचा येऊन सिस्टरबाईंना घेऊन गेला. जाताना त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली. पीठला धाप लागते, त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाच थेंब. दुसऱ्या कोणाच्या पोटात गेलं तर ते सोसायचं नाही. संध्याकाळी टिल्लीने पीठ काढून दिला, औषध देऊन झालं. पण सकाळी ती लवकर शाळेत जाते, तेव्हा काय करायचं?

गुरुवार, ७

व्हायचं तेच झालं. सकाळी मी पाचांकडे पाचदा पाहिलं, ज्याचं पोट जास्त हलताना दिसलं त्याला थेंब पाजले. टिल्ली शाळेतून आली आणि ओरडलीच, अगं आई, हा मीठ आहे! मीठ एका कोपऱ्यात लोळागोळा होऊन पडला होता. मी त्याला पाणी पाजत बसले आणि मनात एकच, हा मेला तर आपलं छप्पर गेलं. संध्याकाळी त्याने कोबीचं पान कुरतडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पुन्हा ही परीक्षा नको. ट्रंकेतून शाई काढली. टिल्लीने एकेकाला धरून नाव सांगितलं आणि मी काडीने कानाच्या आत ठिपके दिले. कापूसला एक, खडूला दोन, पीठला तीन, मीठला चार, साबणला पाच. कान उलटल्याशिवाय दिसायचे नाहीत, त्यामुळे सिस्टरबाईंना कळायचा प्रश्नच नाही.

मग टिल्ली हटून बसली, मलाही हवेत. मी सहावी! तिच्या कानामागे सहा ठिपके दिले. गुदगुल्या होऊन नुसती खिदळत होती. मग माझ्या हातातून काडी हिसकावून तिने माझ्या कानामागे सात दिले. तू सातवी, म्हणाली. किती दिवसांनी आम्ही दोघी अशा हसलो.

शुक्रवार, ८

काम किती हलकं झालं! कान उलटायचा, ठिपके मोजायचे, आत सोडायचा. दहा मिनिटांत पाचही आत. टिल्ली बाजूला उभी होती. म्हणाली, आई, तू त्यांच्या तोंडाकडे बघतच नाहीस. मी म्हटलं, मला स्वयंपाक पडलाय बाई.

शनिवार, ९

सकाळी तीन ठिपक्यांचा ससा काढला, औषध दिलं, सोडला. दुसरा हाताला लागला, त्यालाही तीन ठिपके. वाटलं तोच परत आला. मोजले तर ससे सहा.

शेजारचा शिरला म्हणावं तर पिंजऱ्याची कडी बाहेरून लावलेली, आणि शाई माझ्या ट्रंकेत, कुलपात. ठिपके माझ्याच हातचे आहेत. मधला जरा मोठा, माझा नेहमी होतो तसा.

टिल्लीला दोघांसमोर बसवलं. तिने एका क्षणात उचलला, हा पीठ. मग तो दुसरा कोण? तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तो कोणी नाही.

रविवार, १०

अकरा ससे. सगळ्यांच्या कानांत ठिपके, सगळे बरोबर. साबण लावून घासलं, पण माझीच शाई, ती जायची थोडीच! टिल्लीने आपले पाच ओळखून वेगळे काढले. बाकीचे सहा तोंड वर करून देत नाहीत. हनुवटीखाली बोट घातलं की मान फिरवतात आणि कान पुढे करतात.

सिस्टरबाईंना फोन केला. डोळ्यांना पट्टी आहे, तरी भाच्याने दिला. मी रडतरडत सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, फक्त सशांनाच लावलीस ना?

मी हो म्हटलं. का खोटं बोलले?

सोमवार, ११

टिल्लीला शाळेत धाडलं नाही. तिचा कान साबणाने घासला, राखेने घासला, रॉकेलने पुसला. कातडी लाल झाली. ती रडली. ठिपके आहेत तिथेच. माझेही.

दुपारी खिडकीतून पाहिलं, टिल्ली अंगणात गवत चारत होती. मी हाक मारली. तिने वर पाहिलं. आणि माझ्या पाठीमागून, जिन्यातून, ओ आली.

मंगळवार, १२

दोघी आहेत. तोच निळा फ्रॉक, कॉलरवर मीच घातलेली खूण. दोघींच्या कानामागे सहा. दोघी आई म्हणतात. काल कोणती भाजी खाल्ली, शाळेतल्या बाईंचं नाव काय, सगळं दोघींना येतं.

मी आठवायचा प्रयत्न केला. हलणारा दात कोणता, वरचा की खालचा? हसताना कोणता गाल आधी वर जातो? नाही आठवत. माझ्या पोटची पोर आणि मला माहीत नाही. फ्रॉक बघितला, दप्तर बघितलं, कॉलर बघितली. तिच्याकडे कधी बघितलं? मला माझी लाज वाटते.

मग सुचलं. दोघींपुढे ससे सोडले, आपले पाच काढा म्हटलं. एक सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत गेली, कापूस, खडू, मीठ — पटापट. दुसरीने आधी कान उलटला.

जी कान उलटत नाही, ती माझी. तिला उराशी धरून बसले आहे. दुसरी जिन्यात उभी आहे. रडत नाही. उद्या उजाडलं की निघायचं. छप्पर गेलं तर गेलं.

बुधवार, १३

परत वर खोलीत आले आहे. जमेल तसं लिहिते.

टिल्लीला घेऊन फाटकापर्यंत गेले. ही वही वर राहिली होती. तिला म्हटलं हलू नकोस, आलेच. वर आले, वही घेतली, खाली गेले —

फाटकाशी टिल्लीजवळ मी उभी होते. माझे कपडे. माझी ट्रंक. माझा चेहरा.

मी ओरडले, टिल्ली, तिच्यापासून लांब हो! कान पुढे केला, केस बाजूला केले, बघ, सात, तूच दिलेस, मोज! ती दुसरी काहीच दाखवत नव्हती. ती खाली बसली, टिल्लीच्या उंचीला आली, तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि रडत म्हणाली, माझ्याकडे नीट बघ बाळा.

टिल्लीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ.

ही कोणी नाही, म्हणाली.

गेल्या दोघी. हात धरून. मागे वळून पाहिलं नाही.

टिल्ली तोंड ओळखण्यात कधी चुकत नाही. एकदाही चुकली नाही. पण मला लाँड्री आठवते, चादरी आठवतात, ही वही माझी, अक्षर माझं, मग मी —

जिना वाजला. ती दुसरी पोर आत आली. मांडीवर येऊन बसली. माझे केस बाजूला केले. बोट ठेवून मोजले, सात. मग आई म्हणाली.

आता तिने मान फिरवून कान पुढे केला आहे. वाट बघते आहे. मी मोजते. एक. दोन. तीन. चार. पाच —