एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस

१४ जून, शनिवार

आज खुर्चीत लिंबानी! हसून हसून अजून पोट दुखतंय.

आमचा रिवाज साधा. आम्ही सगळे ऑनलाइन कोर्स बनवणारे. महिन्यातून एकदा, शनिवारी, व्हिडिओ कॉलवर एकाचा कोर्स ‘खुर्चीत’ बसवायचा. बाकीच्यांनी तो स्वस्तातल्या फोनवर, स्वतःचा डेटा जाळून, पहिल्यांदाच शिकायला आल्यासारखा करून बघायचा आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. ज्याने बनवला त्याने तोंड उघडायचं नाही. एक अक्षर नाही!

लिंबानीने बँकेसाठी ‘ग्राहकाशी नम्रपणे बोला’ असा कोर्स बनवलाय. केटीबाई तिसऱ्याच पानावर अडकल्या. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, आता रेडिओचे आणि फोनवरचे धडे बनवते, पण जीभ अजून छडीसारखीच. "अरे, पुढे जायचं बटण कुठंय? बँकेतही सगळं असंच लपवून ठेवता का?" लिंबानीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बोलायची सोय नाही!

शेवटी त्याने उट्टं काढलं. "अध्यक्षीणबाई, बावीस महिने झाले. तुम्ही कधी बसणार खुर्चीत?"

"मी बसले तर गट कोण चालवणार?" मी म्हटलं. सगळे हसले.

बावीस महिने! पाच जणांवर सुरू केला, आज तीनशे बारा आहेत. झोंबा, म्झुझू, करोंगा असे देशभरचे, दोघं तर सीमेपलीकडच्या लुसाकाचे. कुणाला पगार नाही, कचेरी नाही. माझा फोन आणि माझा हट्ट, बस.

१५ जून

हॉल मिळाला!! लिंबे भागातल्या चर्चमागचा. गटाचा मेळावा, १२ जुलै. पहिल्यांदाच सगळे एकमेकांना प्रत्यक्ष बघणार! पाद्रीसाहेबांनी हो म्हटल्यावर प्रार्थनेतल्या पुढच्या गाण्यात माझं लक्षच लागलं नाही. मी खुर्च्या मोजत होते.

१८ जून

मुख्य भाषण माझं. केटीबाईंचा हुकूम. "पोरी, तुझ्या फ्रीजच्या कोर्सवर बोल. लोक त्यासाठीच येणार."

खरंच आहे. गेल्या वर्षी चिंगोमाच्या दवाखान्यासाठी बनवलेला कोर्स — लस थंड कशी ठेवायची, फ्रीज कसा लावायचा. तिथल्या सिस्टर आणि गावोगाव फिरून लस टोचणारे मिळून एक्केचाळीस जण. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस पास! आमच्या धंद्यात निम्म्यांनी कोर्स पुरा केला तरी लोक उड्या मारतात. १ ऑगस्टपासून जिल्हा आरोग्य कचेरी तो सगळ्या दवाखान्यांत लावणार आहे. तिथले साहेबही भाषणाला येतायत.

आणि फोटो कुठले? माझ्याच स्वयंपाकघरातल्या फ्रीजचे! टोमॅटो, मासे बाहेर काढले, कप्पे पुसले, काढले फोटो. हे भाषणात सांगायचं. लोक हसतील.

२३ जून

गटात यांखो म्हणून एक नवी मुलगी आलीय. आकड्यांत तरबेज. माझ्या भाषणासाठी छान रंगीत आलेख काढून देते म्हणाली. "मदालोताई, मला मूळ नोंद लागेल. कोण कधी शिरलं, किती वेळ बसलं, ती." दिली पाठवून. मी स्वतः ती कधी उघडलीच नव्हती. शेवटचा आकडा बघितला होता, तो पुरेसा गोड होता.

२६ जून, गुरुवार

दुपारी यांखोचा फोन.

"ताई, सगळे एकाच फोनवरून झालेत."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. एक्केचाळीस. तीन आठवड्यांत. पहिल्याला तीन तास दहा मिनिटं लागली. दहाव्याला पन्नास. शेवटच्याला चौदा."

एका बोटाने एक्केचाळीस माणसं पास केली! आणि तोंडातून पहिलं वाक्य काय यावं? — "कुणाला सांगू नकोस." लिहितानाही लाज वाटतेय.

२७ जून

चिपेरोनी लागलीय, आमच्याकडची जून-जुलैची थंड झड. धुकं, भुरभुर, अंगातून थंडी जात नाही. दिवसभर शाल गुंडाळून एकच विचार. भाषणाचा विषय बदलता येईल. ‘गटाचे बावीस महिने’ वगैरे. यांखो गुणी आहे, बोलणार नाही.

पण १ ऑगस्ट? मी गप्प बसले तर जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात असंच एकेक बोट फिरेल. कचेरीला वाटेल सगळे शिकले. लस बिघडलेली असेल आणि पोरांना टोचली जाईल. आया घरी निर्धास्त.

नाही. आधी त्या बोटाला भेटायचं.

२ जुलै, बुधवार

चिंगोमाला जाऊन आले! एवढं लिहायचंय की हात पुरत नाही.

मिनीबस, मग सायकलच्या कॅरिअरवर बसून सात किलोमीटर. इन-चार्ज सिस्टर कचेरीच्या मीटिंगला गेलेल्या. व्हरांड्यात एक बाई फरशी पुसत होती, पंचेचाळिशीची असेल. तिला विचारलं, इथे फोनवरचे कोर्स कोण बघतं? तिने फडकं पिळलं, बादलीवर टाकलं. "तो फ्रीजचा ना? मीच केला, मॅडम."

जराही ओशाळली नाही! नाव एस्नाथ. झाडलोट करते, कारकून आला नाही की रुग्णांची कार्डंही लिहिते. "सिस्टरना वेळ कुठंय? लस टोचणारे गावात, तिथे फोनला रेंज नाही. इन-चार्ज म्हणाल्या, एस्नाथ, तुला वाचता येतं, हा घे फोन आणि सगळ्यांचं उरकून टाक."

मी तिथेच बाकावर बसले आणि सुरू केलं. लस किती थंड हवी?

"दोन ते आठ डिग्री."

वीज गेली तर?

"झाकण उघडायचं नाही. वेळ लिहायची. बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या, पण आधी थोड्या वितळू द्यायच्या, नाहीतर लस गोठते."

एकही उत्तर चुकेना! नुसतं पाठ नव्हे, समजून. सकाळ-संध्याकाळ डिग्री लिहून ठेवलेली तिची वही दाखवली. आता सिस्टरच तिला विचारतात.

मग म्हणाली, "मॅडम, एक सांगू? रागावणार नाही ना?" आणि मला फ्रीजपाशी घेऊन गेली.

पेटी! दवाखान्याचा फ्रीज म्हणजे चांगली मोठी पेटी, झाकण वरून उघडणारं. आत टोपल्या. कप्पा एकही नाही! आणि माझ्या कोर्सचा चौथा धडा काय? ‘लस मधल्या कप्प्यात ठेवा.’ टोमॅटोच्या जागी!

"इथे तळाला ठेवली तर गोठते. वरच्या टोपलीत ठेवावी लागते. तुमचा फोटो बघून मला कळेचना हे कुठल्या देशातलं."

"मग उत्तरात मधला कप्पा का दाबलंस?"

"तुमचं यंत्र दुसरं काही घेतच नाही! एक्केचाळीस वेळा दाबलं, मॅडम. प्रत्येक वेळी स्वतःशी म्हणायचे, एस्नाथ, हे खोटं आहे."

मी हसत सुटले. तीही. फ्रीजला टेकून दोघी हसत होतो! माझी अब्रू धुळीला मिळाली होती आणि मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. जगात कुणीतरी माझा शब्दन् शब्द एक्केचाळीस वेळा वाचलाय आणि त्यातली खोट काढलीय! गटातल्या तीनशे बारा जणांत असा एक वाचक नाही.

तिला म्हटलं, बाराला लिंबेला ये. सगळ्यांसमोर हेच दाखव. ती थबकली. "इन-चार्जना चालेल का?"

"शनिवारी तुला सुट्टी ना? मग! काही होत नाही."

६ जुलै, रविवार

स्वातंत्र्यदिन. बाहेर ढोल, झेंडे. केटीबाईंच्या घरी मक्याच्या पिठाची नसिमा, घेवडा, वाळकी उसिपा मासळी, आणि माझा कबुलीजबाब. लिंबानीने शीळच घातली. "म्हणजे आकडा खोटा?"

"आकडा खरा. माणसं खोटी."

"आणि अध्यक्षीणबाई खुर्चीत! देवा, हा दिवस दाखवलास!"

केटीबाई मात्र हसल्या नाहीत. "तू खुर्चीत बसशील, लोक वाहवा करतील. त्या बाईचं काय?"

"तिचा तर सत्कार होईल!"

त्यांनी उसिपाचं डोकं मोडून ताटाच्या कडेला ठेवलं. या बाईला सगळ्यातच काहीतरी खुपतं.

११ जुलै

तळलेल्या मंदासी दोनशे. प्यायला थोब्वा चार बादल्या. घसा बसलाय. उद्या!!

१२ जुलै, शनिवार

काय दिवस होता! काय दिवस!

एकशे सत्तर माणसं आली. करोंगाचे चौघं अख्खी रात्र बस धरून आले. दोन वर्षं फोनच्या चौकटीत पाहिलेले चेहरे अचानक पायांसकट! जो तो म्हणतोय — अय्या, तू एवढा उंच? लिंबानी बुटका निघाला, त्यावरून दिवसभर त्याची खेचली.

अकराला मी उभी राहिले. साहेब पहिल्या रांगेत. मी म्हटलं, आज भाषण नाही. आज मी खुर्चीत. जो आरडाओरडा झाला! मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत माझा कोर्स लावला, आणि फोन हातात घेऊन एस्नाथ.

ठेवणीतलं निळं चितेंजे नेसून आली होती, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल. मग चौथा धडा आला. "इथे म्हणतात मधला कप्पा. आमच्या पेटीत कप्पा नाही. मॅडमच्या घरी आहे. मॅडमच्या घरी लस नाही." हॉल हसून कोसळला! केटीबाईंच्या डोळ्यांना पाणी. मी खुर्चीत, ओठ दातांखाली धरून. बावीस महिने दुसऱ्यांना गप्प बसवत आले, ते इतकं अवघड असतं हे आज कळलं.

मग तिने सांगितलं, एक्केचाळीस वेळा कसं केलं ते. सगळं. सिस्टरना वेळ नसतो तेही, इन-चार्जनी फोन दिला तेही. साधेपणाने. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात!

साहेबांनी माझा हात हातात घेतला. "बरं झालं आधीच कळलं. १ ऑगस्ट थांबवू. पेटीचा फ्रीज घेऊन नवा कोर्स बनवा." मग वही काढली. "त्या बाईंचं पूर्ण नाव, दवाखाना?" मी स्वतः लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात. इन-चार्जचं नावही. एस्नाथ तेव्हा थोब्वाच्या बादलीपाशी होती. चार जणी तिच्याबरोबर फोटो काढत होत्या.

आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झालेय.

१३ जुलै

यांखोने व्हिडिओ टाकला. मीच सांगितलं होतं. लोक पुढे पाठवत सुटलेत. एका दिवसात अठ्ठेचाळीस नवे सभासद! लिंबानीचा निरोप: "अध्यक्षीणबाई, पुढच्या वेळी खुर्चीसाठी आता रांग लागलीय."

१६ जुलै, बुधवार

एस्नाथचा फोन आला. तिला कामावरून काढलं. कचेरीने इन-चार्जना जाब विचारला, इन-चार्ज म्हणाल्या, त्या बाईने परस्पर केलं. सिस्टरना काही नाही. इन-चार्जना काही नाही. व्हिडिओत "मीच केलं" असं तीच म्हणतेय, पुरावा आणखी कशाला? फोन इन-चार्जनी दिला हेही ती म्हणाली, ते कुणी धरलंच नाही.

मी काय काय बोलले आठवत नाही. साहेबांना भेटते, पत्र लिहिते, गट उभा करते. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, मला एक शब्द वावगा बोलली नाही.

"दुसऱ्या दवाखान्यात विचारायला जाणार आहे, मॅडम. त्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळेल का? माझ्या नावाचं?"

यादी उघडून बसलेय. एक्केचाळीस सर्टिफिकेटं आहेत. तिच्या नावाचं एकही नाही.