हमामला मैदानात परत घेण्याविषयी

पाच मीटर पांढरं सुती कापड. माझ्याच दुकानातलं, किंमत दोनशे पाउंड. मला ते एका मुलाच्या किमतीला पडलं.

अल्लाहचं नाव घेऊन मी, किनावी अब्देलआल, मक्केला जाऊन आल्यापासून गावाचा 'हाज', वय एकाहत्तर, धंदा कापडाचा, राहणार अखमीम, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कान तर गावात सर्वांत तिखट. दबाव कुणाचाही नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्यामुळे धरू नये.

१. घर, दुकान आणि हातमाग शरियतप्रमाणे बायको नबविया, मुलगी आणि पुतण्या शाजली यांच्यात वाटले जावेत. त्यात मी लुडबुड करणार नाही. फक्त माझी मोठी कात्री मुलीला द्यावी. शाजलीला देऊ नये, त्याने त्या कात्रीने मासे कापले आहेत.

२. मिळकतीचा एक तृतीयांश भाग मला हवा तसा देता येतो. त्यात मी घरामागचं फुटबॉलचं मैदान धरतो. खांद्यावर कापडाचे गठ्ठे वाहून मी ते घेतलं, भिंत मी घातली. किनावीच्या मैदानात कोण खेळणार हे किनावी ठरवतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हे मैदान मी आमच्या विणकर क्लबला देतो. क्लब दुसऱ्या श्रेणीतला असला तरी खेळाडूंना पगार देतो.

अट एकच, आणि ती हमामची.

माझा मुलगा रिफाई आणि हमाम दोघे आघाडीला खेळायचे. एका सामन्यानंतर कप्तानाच्या पट्ट्यावरून दोघांची जुंपली. हमामने ढकललं. रिफाई दगडी जिन्यावरून डोक्यावर पडला, तो उठलाच नाही. कोर्टाने हमामला चार वर्षांची शिक्षा दिली आणि त्याने ती पुरी भोगली. सुटल्यावर आपल्याकडच्या रीतीने तो अनवाणी, स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन माझ्या दारात आला. कफन स्वीकारलं की सूड संपला. मी स्वीकारलं. कापड कुठल्या ठाणातलं ते बोटांना लगेच कळलं.

मला वाटलं, संपलं. पण क्लब त्याला संघात घेईना. न्हावी सनूसी क्लबच्या कमिटीवर आहे. दाढी अर्धी झाली असताना तो मला म्हणाला, "हाज, हमाम इथे आला तर त्याचीही दाढी करीन. पण त्याने गोल केल्यावर माझ्या तोंडून आवाज निघेल का?"

"नको तेव्हा निघतो तो. तेव्हा विचारतोस का?"

"थट्टा सोडा. तुमच्या रंगाऱ्याने चोरी केली तरी तुम्ही त्याला परत कामावर घेतलंत, कोण बोललं? पण रंगाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही."

मी अर्धी दाढी तशीच घेऊन उठलो. हे भांडण मी कुणालाही वारसाहक्काने देत नाही, बरोबर नेईन.

हमाम आता मैदानाच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारतो. पूर्वी तिथे दोघे आळीपाळीने मारायचे. आता एक ठोका येतो, मग रिकामी जागा, मग पुन्हा ठोका. त्या रिकाम्या जागेत मला दुसरा ठोका ऐकू येतो. मी गच्चीत जाऊन उभा राहतो. खाली एकच जण असतो.

नबविया खिडक्या लावून घेते. एकदा मी तिला रिफाईची आई म्हणून हाक मारत म्हणालो, "उम्म रिफाई, पोराचे पाय अजून दोन-तीन वर्षं चालतील. त्याला दुसरं काही येत नाही."

"तुम्ही त्याला जीवदान दिलंत, मी अडवलं का? पण टाळ्या कुठे दिल्या होत्या आपण?"

"तो खेळला की मला रिफाई ऐकू येतो."

"तुम्हाला रिफाई ऐकू येतो, हाज. मला जिना ऐकू येतो."

तरी अट लिहितो. भोगून झालेल्या शिक्षेचं कारण सांगून हमामला संघाबाहेर ठेवू नये. त्याचबरोबर दया म्हणूनही घेऊ नये. पाय चालतात की नाही ते प्रशिक्षकाने पाहावं. कप्तानाचा पट्टा त्याच्या दंडावर कधीही बांधू नये. टाळ्या कुणी वाजवाव्यात, कुणी तोंड फिरवावं, ते ज्याचं त्याने पाहावं. क्लबला हे मान्य नसेल तर मैदान शाजलीचं. तो तिथे खुशाल इमारती बांधेल, मग कमिटीने जिन्यात फुटबॉल खेळावा.

जिन्याचं हे वाक्य मी मोठ्याने वाचलं आणि ते नबवियाने ऐकलं. ते मी खोडायला हवं होतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर वकील वदीअ यांनी मैदानाचं खरेदीखत काढलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "हाज, दुकानातला तेव्हाचा भागीदार जप्ती आणेल या भीतीने हे मैदान तुम्ही कुणाच्या नावावर घेतलं होतं?"

नबविया चहा ओतत होती. मी तिला विचारलं, "काय करणार आहेस?"

"आधी चहा प्या."

म्हणून कलम २ खोडू नये. विनंती समजून वाचावं.

साक्षीदार: वदीअ जिर्जिस, वकील. सनूसी अबू झैद, न्हावी (भांडण कायम ठेवून).

लिहून देणार: किनावी अब्देलआल

अखमीम, ११ मार्च २०२१

मैदानाची मालकीण: नबविया हस्सान. सही केलेली नाही.