आण्णांच्या बोटीचा पंखा

४ मार्च

आण्णांच्या बोटीचा पंखा मोडला. म्हणजे एक पातं वाकलं, दुसऱ्याचा टवका उडाला. चूक खडकाची. पाण्याखाली दबा धरून बसायचं आणि माणसानं जरा वेग घेतला की आडवं यायचं! मेहुणा बोटीत होता. खडक आहे, खडक आहे, असं ओरडलो म्हणतो. ओरडला असेल, पण तोंडात केळं कोंबून. शी.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आण्णा, म्हणजे माझे वडील, जेमतेम दोन शब्द बोलतात. मागणं एकच : रविवारी तळ्यात एक फेरी. त्यांना यातलं काही कळता कामा नये. पंखा मी स्वतः दुरुस्त करणार.

५ मार्च

पंखा काढला. गुडघाभर चिखल, शेवाळ, कुजक्या माशांचा वास. दांड्याला गळाची दोरी गुंडाळलेली आणि तिच्यात केस. कुणाचे, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. दिवसभर दुसरा विचार केला नाही. जेवण गेलं नाही.

६ मार्च

मेकॅनिककडे गेलो, फक्त मत घ्यायला. स्क्रू ड्रायव्हरनं कान कोरत होता. तोच माझ्या पंख्यावर टकटक वाजवून म्हणाला, यात काही राम नाही, नवा टाका. या लोकांना दुसरं येतं काय! मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो हे त्याला सांगितलं नाही. दोनदा होतो हे तर मुळीच नाही.

७ मार्च

ही बहिणीकडे गेल्यावर वाकडं पातं गॅसवर तापवलं आणि ओट्यावर ठेवून हातोडीनं ठोकलं. पातं बरंचसं सरळ. ओट्याची फरशी फुटली. मुळातच कच्ची असणार. पात्यालाही एक बारीक चीर दिसते. आधीचीच असणार.

संध्याकाळी ही आली. अहो, ज्या शेगडीवर मी दूध तापवते तिच्यावर हे घाणेरडं लोखंड, म्हणाली. लोखंड नाही, अॅल्युमिनियम, असं शांतपणे समजावलं. तेव्हापासून अबोला.

८ मार्च

टवक्याच्या जागी इपॉक्सी भरलं. बोटं चिकटली. मेहुणा फुकटचा सल्ला द्यायला हजर. हे पातं आहे की कान, विचारतो. मी अशांच्या तोंडी लागत नाही. उरलेली पाती कानशीनं घासून त्याच्याच मापाची केली. आता तिन्ही सारखी. सारखीच वाईट, असं ही म्हणाली. चला, अबोला तरी सुटला.

९ मार्च

पंखा बसवला. नट सुटू नये म्हणून घालायची पिन चिखलात पडली. त्या चिखलात पुन्हा हात? मुळीच नाही. हिची केसांची पिन वाकवून घातली. अक्कल लागते.

१० मार्च, रविवार, संध्याकाळ

फेरी झाली. एका अर्थी.

आण्णांना उशीवर बसवलं. हिच्या आग्रहाखातर मेहुणाही. इंजिन सुरू होताच बोट हिवताप आल्यासारखी थरथरायला लागली. आण्णांची कवळी वाजू लागली. त्यांनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. ओली. गरम.

तळ्याच्या मध्यावर खाडकन आवाज. इंजिन बोंबलतंय, बोट जागच्या जागी. पंखा तळाला गेला होता. इंजिन बंद केलं.

मग आण्णा बोलायला लागले. बोळक्या तोंडानं, पण थांबेचनात. याच पाण्यात आईला पहिल्यांदा बोटीत बसवलं तेव्हा ती घाबरून त्यांच्याच अंगावर कशी ओरडली होती, आणि काठ आल्यावर उतरायलाच कशी तयार नव्हती. मला हे ठाऊकच नव्हतं. मेहुणा शर्ट काढून हलवत होता (ती ढेरी!). एका मासेमाराच्या बोटीनं ओढून आणलं. काठावर मी हिला सांगितलं, तिथं थांबायचंच ठरलं होतं.

११ मार्च

आण्णांनी सकाळीच बोलावलं. पुढच्या रविवारी परत जायचं म्हणाले. मी म्हटलं, बेधडक जाऊ, तोवर नव्या पंख्यात मी काही सुधारणा करतो.

तर म्हणाले, पंखा नकोच रे. त्या घरघरीत तुझ्याशी इतकी वर्षं धड बोलताच आलं नाही. वल्ही घेऊ.

मला भरून आलं. वल्ह्यांचं शास्त्र आहे, मी वाचून काढतो, म्हणालो.

नको, म्हणाले. वल्ही तुझा मेहुणा मारेल. तू माझ्याशेजारी बस आणि कशालाही हात लावू नकोस.

बरं म्हणालो.