स्टुलाची उंची

प्रिय किंगा,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून तर मोकळेपणानं लिहितेय.

ग्दान्स्कचे कार्यक्रम आटोपून काल लुब्लिनला घरी आले. पियानोपुढे बसले, तर माझी कोपरं हवेत. कुणीतरी स्टूल चांगलं वर फिरवून ठेवलं होतं.

झेनॉनला विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "ट्यूनर येऊन गेला असेल."

आपला ट्यूनर जन्मभर उभ्यानंच सूर लावत आलाय. मग नवरा माझ्याशी खोटं का बोलला?

आपल्या पियानोच्या वर्गात एवढ्या उंचावर एकच मुलगी बसायची. प्रोफेसर तिला चिडवायचे, "राणीसाहेब, छताला डोकं लागेल हं!" ती तू. स्पर्धेसाठी मला निवडलं, तुला नाही. त्या दिवशी तू शपथ घेतलीस, पुन्हा पियानोला हात लावणार नाही म्हणून. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे ती फक्त कुंड्यांना पाणी घालायला, झेनॉन विसरतो म्हणून. कुंड्या तर सुकून गेल्यात, बाई!

तुला फोन करून फैलावर घेणारच होते. तेवढ्यात जिन्यात खालच्या मजल्यावरच्या पेलागियाबाई भेटल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अहो, गेल्या आठवड्यात ती माझुर्का काय वाजवलीत! इतकी वर्षं ऐकतेय तुम्हाला, पण असं कधी वाजवलं नव्हतंत. पीठ मळता मळता रडले मी."

गेल्या आठवड्यात मी ग्दान्स्कला होते, किंगा.

मी मान लववली आणि म्हणाले, "आभारी आहे."

तुझी ताई,
बोग्ना