मैदानात पडला

३ ऑगस्ट १९४३
— आणि तिथं कागदाला भोक आलं. श्वासभर थांबलो. मग पुढं वाचलं.

पत्र जोतीरामचं, आफ्रिकेतून. त्याचा बाप नानासो मागच्या महायुद्धात बसऱ्याला लढून आलेला पेन्शनर हवालदार. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांची पत्रं शाळेच्या ओट्यावर मी वाचतो. त्याच पलटणीतल्या अर्जुनाला लिहिता येत नाही. त्याची खबर या पत्रांतूनच येते. म्हणून त्याची बायको राहीबाई भिंतीला धरून उभी होती. अर्जुनाचा थोरला भाऊ आकाराम पायरीवर.

पत्रात तीन पानं एका फुटबॉल क्लबाचा इतिहास! पोरानं पोवाड्यासारखा लिहिलाय. क्लबाचं नाव, शहराचं नाव सेन्सॉरनं ब्लेडनं कापलेलं. बंदरावरच्या हमालांनी काढलेला क्लब. गोऱ्या साहेबांनी नोंदणी नाकारली — अध्यक्ष गोरा हवा. आपल्या मुलखाच्या झेंड्याच्या रंगाचे सदरे घातले तर ते उतरवायला लावले. हे उघड्या अंगानं खेळले. सतरा वर्षं हरले. अठराव्या वर्षी कप जिंकला, तीन दिवस गल्लोगल्ली मिरवला. पुढं आणखी दोनदा जिंकला. मग लढाई. मैदानावर बॉम्ब पडले, अकरांतले पाच गेले. शत्रूच्या हातून शहर सुटल्यावर उरलेल्यांनी खड्डे बुजवले, खांब रोवले आणि जोतीरामच्या पलटणीकडे सामना मागितला.

"त्या चेंडूचं कवा सपायचं, मास्तर?" आकाराम.

"गप रं," नानासो म्हणाले. "सतरा वर्सं हारत्यात आन पुन्ना उतरत्यात. पलटणीला असलीच मानसं लागत्यात गड्या."

राहीबाई एका नावाची वाट पाहत होती. ते शेवटी आलं. 'अर्जुना मैदानात पडला.' मग भोक — कागदाच्या पुढच्या बाजूचं नाव कापताना मागचा शब्द गेलेला. मग 'लोखंड शिरलं. लय रगत गेलं. त्येच्या घरी नीट सांगा.'

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला अडखळणं आवडत नाही. मी "छातीत लोखंड शिरलं" असं वाचलं. शब्द माझा. वाक्यात चपखल बसला.

मैदानात पडण्याचा इकडं एकच अर्थ. घराआड एक जण तसा पडलाय.

४ ऑगस्ट
राहीबाईच्या बांगड्या फोडल्या. आवाज शाळेपर्यंत आला. पाढे चालू ठेवले.

१२ ऑगस्ट
दहावा. देह नाही म्हणून दर्भाचा पुतळा जाळला होता. नदीवर पिंड ठेवताच कावळा शिवला. इतका लवकर कधी पाहिला नाही. आकाराम रडत म्हणाला, "कायबी मागं ऱ्हायलं न्हाई बगा त्येचं. सुटला."

१५ ऑगस्ट
नानासो आले. "मास्तर, अजून तार न्हाई."

"येईल."

"सरकार रजा इसरंल, पर मेल्याचा कागद इसरत न्हाई. बसऱ्याला आमचं खेचर मेलं, तर त्येचाबी कागद आला हुता."

मी त्यांच्याकडून पत्र मागून घेतलं.

१६ ऑगस्ट
पाच वेळा वाचलं. जोतीराम लढाईला सगळीकडे 'फ्रंट' लिहितो. 'मैदान' अकरा वेळा आहे — अकराही वेळा चेंडूचं! तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलंय: अर्जुना गोलात उभा राहिला. बूट नको म्हणाला, अनवाणीच. चेंडू सोडून समोरच्या गड्याचा पाय धरला — हुतुतूची सवय. दोन्हीकडचे हसले. हे मीच मोठ्यानं वाचलं होतं. ओट्यावरही हसले होते.

कागद उजेडाकडे धरला. भोकाच्या काठावर अर्धा 'पा'.

पायात. बॉम्ब पडलेल्या जमिनीतलं लोखंड, अनवाणी पाय.

छाती मी घातली.

१७ ऑगस्ट
सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
सांगितलं नाही. मुलांचं शुद्धलेखन घेतलं. चुका लाल शाईनं खुणावल्या.

२० ऑगस्ट
सांगितलं. आकारामच्या दारात, सगळ्यांसमोर.

तो म्हणाला, "आवं, पर कावळा शिवला की."

"कावळ्याला काय कळतं?"

"तुमास्नी कळलं व्हय?"

तो पायरी उतरून पुढं आला.

"तवा छातीत म्हनलासा. आज पायात म्हनतायसा. उद्या काय म्हननार?"

राहीबाई आतून आली. "पायातला शबुद कागदावर हाय?"

"अर्धा आहे."

"आन छातीतला?"

"नव्हता."

"जितं शबुद न्हाई, तितं गप बसायचं, मास्तर." एवढंच. आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं. जाऊ ओरडली — पाप हाय, कावळा शिवलाय! राहीबाई म्हणाली, "कुकू कावळ्यानं पुसलं न्हवतं. तुमी पुसलं."

२६ ऑगस्ट
सहा दिवस झाले. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीजवळून आपल्या घागरी सरकवतात. ती रोज जाते. आकाराम तिच्या हातचं जेवत नाही.

नानासोंनी जोतीरामला पत्र लिहवून घेतलं: अर्जुनाचा पाय कसा आहे, ताबडतोब कळवणे. मी लिहिलेलं त्यांनी पोस्टमनकडून पुन्हा वाचून घेतलं. माझ्यासमोरच.

संध्याकाळी राहीबाई ओट्याशी थांबली. "मास्तर, ती सतरा वर्सं कागदावर हाईत, का तीबी तुमचीच?"

"कागदावर आहेत."

पान काढून दाखवलं, आकड्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. तरी वाकून पाहिलं. "हारलं, तरी दर साली उतरलं?"

"दर साली."

"मग बरं," म्हणाली आणि गेली.

२७ ऑगस्ट
सकाळी इंग्रजी तार आली. पोस्टमननं ती वाचायला माझ्याकडेच आणली. मागोमाग राहीबाई आली. माझ्या हातून ती न उघडता घेतली आणि तीन मैल चालत कुंडलला गेली, तिथल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यायला. बारा वाजता शाळेवरून परतली. कपाळ पुसलेलं होतं. अर्जुना १९ तारखेला त्याच जखमेनं इस्पितळात वारला, हे मला नानासोंकडून कळलं.