‘द्रवणे’चा गळलेला अर्थ

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे बर्फ वितळायला लागलाय. बर्फ विरघळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकणारं आमचं खातं खुशीत आहे, मी सोडून. माझ्या घरात बाबा आहेत ना! सकाळपासून तुझा शब्दकोश घेऊन खिडकीशी बसलेत. म्हणतात, थोर संपादकांनी ‘द्रवणे’ म्हणजे ‘दया येणे’ एवढंच दिलंय, बर्फाने यांचं काय घोडं मारलंय? मूळ कुठलं, त्याचाही पत्ता नाही. स्वतःच विचारा म्हटलं, तर ऐकू न आल्याचं नाटक केलं.

प्रकाशनाच्या दिवशी भर सभेत उभं राहून त्यांनी तुझ्या चुका वाचल्या, हे वाईटच. पण दोन वर्षं अबोला? वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, थोडा बाबांकडेही वळव, एकदा इकडे येऊन जा.

तुझी,
भिंगरी

१६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

माननीय परीक्षकांना सांग, मूळ संस्कृत धातू ‘द्रु’. अर्थ वाहणे, वितळणे, पळणे. ‘द्रव’ त्यातूनच आला आणि ‘उपद्रव’ही. म्हणजे बर्फ आणि बाबा एकाच कुळातले निघाले. वितळण्याचा अर्थ छपाईत गळला. पुढच्या आवृत्तीत घालू, तेव्हा त्यांनी खुशाल पुन्हा सभा भरवावी.

येण्याचं म्हणशील, तर मान वर करायला फुरसत नाही. तुझा लोभ मला पुरतो, आणखी कोणाचा मागितलेला नाही.

तुझा,
दादा

२३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

‘उपद्रव’ वाचून बाबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मग ते शेजाऱ्यांना सांगायला म्हणून घाईने पायऱ्या उतरले आणि अर्धवट वितळलेल्या बर्फावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलंय. गावभर मीठ टाकणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दारात मीठ नव्हतं. हस खुशाल.

इस्पितळात आहेत, तापही चढलाय; तो उतरला की शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय बघता घरचे सगळे असलेले बरे. बाबा म्हणतात, संपादकांना कळवू नकोस, त्यांचं काम अडेल. आणि दाराशी पाऊल वाजलं की मान वळवून बघतात. त्याचा अर्थ तूच लाव.

भिंगरी

२ एप्रिल

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचे संपादक पोचले. पायात उन्हाळी चपला, मोजे चिंब. बाबांनी बघताच जाहीर केलं, उपद्रव आला. दादा म्हणाला, मी फक्त चुका दुरुस्त करायला आलोय. मग दोघं ‘द्रु’वरून असे जुंपले की परिचारिकेने दादाला बाहेर काढलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाबांना दाढी करायची होती, पण आडवं पडून जमेना. दादाने वस्तरा घेतला. बाबांनी डोळे मिटून हनुवटी वर केली. एक गाल झाला आणि दादाचा हात थांबला. वस्तरा ठेवून त्याने साबणाने भरलेल्या दुसऱ्या गालाला कपाळ टेकवलं. बाबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तेवढ्यात न्यायला आले, म्हणून बाबा अर्ध्या दाढीनिशीच आत गेले.

सगळं नीट पार पडलं. तुमचा नवरा महिनाभर ठेवून घेतेय, रागावू नका, माया अशीच राहू द्या. शुद्धीवर येताच बाबांनी पहिलं विचारलं, तो जेवला का?

तुमची,
भिंगरी