रेरुंगने सांभाळून ठेवलेलं

२ मार्च, रांतेपाओ
आलो एकदाचे! माकासारहून येताना बसने आतडी पिळून काढली. पण इंदोंनी, म्हणजे सासूबाईंनी, बांबूत शिजवलेलं डुकराचं मटण समोर ठेवलं आणि मी सगळे हाल विसरले. रेरुंगने मात्र हातपाय धुवायच्या आधी दक्षिणेकडच्या खोलीत सर्व्हर मांडला. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ आधी या डब्यात कुलूपबंद होणार, मग क्लाउडवर जाणार. जागा भाड्याची, किल्ली आपली. तिथल्या मालकाने डोकावलं तरी त्याला नुसता कचरा दिसेल, असं नवरोजी नसलेल्या मिशीला पीळ देऊन सांगत होते. वीज गेली की पासवर्ड नव्याने घालायचा, आणि तो फक्त यांच्या डोक्यात. मी मागितला, तर म्हणे, तुला सांगितला की रविवारी अख्ख्या चर्चला पाठ होईल! मी उशी फेकून मारली.

१९ मार्च
रेरुंग आजारी आहे. गेलेल्या माणसाला अंत्यविधी होईपर्यंत आम्ही आजारीच म्हणतो. मोटारसायकल वळणावर घसरली, फोनही दरीत गेला. त्याला दक्षिणेकडच्या खोलीत निजवलंय, सर्व्हरच्या शेजारी. विधीत बळी द्यायच्या म्हशी जमायला वर्ष तरी जाईल, तोवर तो घरातच. इंदो त्याच्या उशाशी कॉफी ठेवतात, शेजारणीच्या चहाड्या सांगतात. मला म्हणाल्या, बोल त्याच्याशी, जेवायला वाढ, हवं तर भांड. पण काही मागू नकोस. आजाऱ्याला काम सांगितलं की त्याला पडून राहवत नाही.

मला तर त्याच्याकडे बघवतसुद्धा नाही.

२८ मार्च
वीज जाऊन आली. सर्व्हर पासवर्ड मागतोय. सुचेल ते घालून पाहिलं, काही लागत नाही. त्याचं हसणं, त्याचा आवाज, सगळं आत आहे. माझ्या फोनवरचंही त्यानेच तिथे हलवलं होतं, सांभाळून राहील म्हणून. दुपारी कॉफी ठेवताना मला रडू आवरेना. म्हणाले, रेरुंग, एवढं उघडून दे रे.

२९ मार्च
उघडलंय! सकाळभर त्याचं हसणं ऐकत बसले. कॉफीचा कप रिकामा होता. इंदोंना सांगितलं नाही.

३ एप्रिल
सर्व्हरवर एक नवी फाईल आलीय. नाव ‘आईची अंगाई’. मांडीवर तान्हा रेरुंग, आणि इंदोंचा कोवळा आवाज. तेव्हा या घरात कॅमेरा नव्हता. धावत जाऊन इंदोंना ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, छान गाते गं, कोण ही? तांदूळ निवडताना त्या रोज हीच अंगाई गुणगुणायच्या. आज गप्प होत्या.

६ एप्रिल
आणखी एक. ‘माकासारचा धक्का’. बंदरावर आम्ही पहिल्यांदा भेटलो तो दिवस, माझ्या डोळ्यांनी दिसला तसा. पाहून झाली आणि — आता आठवायला गेले तर नुसती फाईल आठवते. दुसऱ्या कुणाचं तरी पाहिल्यासारखी.
तो सांभाळून ठेवतोय. आमच्यातून काढून घेऊन. काही हरवू नये म्हणून — वेडा माझा —

८ एप्रिल
त्याला सांगितलं, पुरे झालं, आता पड. हात जोडले. जिवंतपणी तरी कुठे ऐकायचा! फाईली येताहेत. इंदोंना त्याचं बाळपण आठवत नाही. प्लग काढला तर त्याने नेलेलं सगळं कायमचं कुलूपबंद. नाही काढला तर उरलंय तेही —

१० एप्रिल
‘आमचं लग्न’ आली. उघडली नाही. तरी गेलं. बोटात अंगठी आहे. कुणी घातली ते —

११ एप्रिल
प्लग धरून बसलेय. हात उठत नाही. सगळा तोच आत आहे, बाहेर कुठेच नाही —
इंदो कॉफी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. घाबरून विचारताहेत, अगं दामारिस, आपल्या घरात हा कोण निजलाय?
म्हटलं, इंदो, असं काय विचारता, हा माझा —
हा माझा